पडवीतली रांग

१

बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं की माणसाला मोजायची खोड लागते. रोह्याच्या सुनीतीला ती चांगलीच लागली होती. लग्नाच्या पंगतीत समोरची पानं मोजायची, जिना चढताना पायऱ्या मोजायची आणि मध्येच चुकली तर खाली उतरून पुन्हा पहिल्यापासून. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तशी गत होती. हजेरीपटावरचा एक चौकोन रिकामा राहिला तर तिला अजूनही जेवण गोड लागलं नसतं.

तर अशा या बाईला पेणच्या मृणालीने कामाला लावलं. मृणाली रामवाडीतल्या एका लहानशा वाचनालयाची ग्रंथपाल. बेचाळीस साली मुंबईवर जपानी बॉम्ब पडणार अशी आवई उठली आणि लोकांनी पोरंबाळं गावाकडे धाडली. ती पोरं आता नव्वदीला टेकली. जी हयात आहेत त्यांच्या आठवणी फोनवर टिपायच्या, कागदावर उतरवायच्या आणि मग सगळ्यांना एकत्र बसवून एकमेकांच्या ऐकवायच्या, असा बेत होता. मृणालीची आजेसासू विमलबाई त्या पोरांतलीच एक, आणि सुनीतीचे वडील मोरोपंत दुसरे.

खरं सांगायचं तर सुनीतीने हे काम समाजसेवा म्हणून घेतलं नव्हतं. तिचं लग्न झालं नाही, घरात ती आणि बाबा दोघंच. बाबा अठ्ठ्याऐंशीचे. गेल्या वर्षापासून ते चष्मा विसरत, जेवलो की नाही ते विसरत, एकदा तर त्यांनी तिला आत्याच्या नावाने हाक मारली. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. तिला एकाच गोष्टीची भीती होती. एक दिवस बाबा समोर बसलेले असतील आणि आपल्याला ओळखणार नाहीत. जुन्या गोष्टी निघाल्या, डोकं चालतं राहिलं, तर तो दिवस लांबेल असं तिला वाटत होतं.

बाबांनी मात्र पहिल्याच दिवशी हात झटकले.

"आधी बाकीच्यांचं घे," ते म्हणाले. "मी आपला शेवटी."

२

विमलबाई एक्क्याण्णव वर्षांच्या, पण आवाज खणखणीत. सुनीतीने पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, फोन तिवईवर ठेवला. नाव काय, चाळ कुठली, बरोबर कोण कोण होतं, असे ठरलेले प्रश्न.

"लालबागच्या चाळीतली आम्ही नऊ मुलं," विमलबाई म्हणाल्या आणि बोटांवर नऊ नावं घेतली. भाऊच्या धक्क्यावरून लाँच, धरमतरला उतरून बैलगाडी, आणि कासूला मोरोपंतांच्या काकांचं मिठागराकाठचं घर. घराला लांब पडवी. तिथे सगळी मुलं भिंतीपासून दारापर्यंत रांगेत झोपायची. मिठागरावर काम करणारी धोंडुबाई त्यांना सांभाळायची. दिवेलागणीला ती प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून मुलं मोजायची, मिठाची रास मोजतात तशी. पहिल्याला एक नाही म्हणायचं. लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन.

"लाभ मी," विमलबाई हसून म्हणाल्या. "भिंतीकडून पहिली ना मी! काळुराम चौथा. तुझे बाबा नववे."

"म्हणजे बाबा शेवटचे."

"इश्श, शेवटचा कसा असेल? त्याच्या डोक्यावर हात ठेवून नऊ म्हणायची ना ती. शेवटच्याला हात लावायचा नसतो."

सुनीतीच्या मनात पाल चुकचुकली ती इथे.

"मग शेवटचं कोण होतं, आजी?"

विमलबाईंनी तोंड उघडलं आणि तसंच राहू दिलं. मग त्यांनी पदराने ओठ टिपले आणि मृणालीला चहा टाकायला सांगितलं. सुनीती निघाली तेव्हा त्या पलंगावर सरकून अगदी कडेला बसल्या होत्या, म्हणजे कुणी यायचं असेल तर जागा हवी म्हणून आपण सरकतो तशा.

३

काळुराम खांब गावी, हायवेपासून आत, मुलाच्या घरी. अंथरुणाला खिळलेला, पण बोलायची हौस दांडगी.

"नऊ पोरं आमी," तो म्हणाला. "मी चौथा. तुमचा मोरू नववा. त्याच्या पलीकडच्याला म्हातारी मोजायची नाय."

"पलीकडे कोण होतं?"

"दाराकडचा व्हता ना तो."

"कोण तो?"

काळुराम छताकडे पाहत राहिला. त्याचे ओठ हलत होते. "आता सांगतो बघा," तो दोनदा म्हणाला, आणि सांगितलं काहीच नाही.

घरी येऊन सुनीती कानात फोनची बोंडं घालून दोन्ही मुलाखती उतरवायला बसली. म्हातारी माणसं, ऐंशी वर्षांपूर्वीची गोष्ट, एकाने चुकीचं सांगितलं आणि दुसऱ्याने तेच ऐकलं असेल, असं तिने स्वतःला बजावलं. पण विमलबाई आणि काळुराम सत्तर वर्षांत भेटले नव्हते. आणि दोन्ही मुलाखतींत तिने शेवटचं कोण म्हणून विचारलं, तिथे त्या शांततेत एक श्वास होता. दम्याचा नव्हे, म्हाताऱ्याचा नव्हे. उत्तर येत असलेलं मूल हात वर करण्याआधी जो श्वास घेतं, तो. बत्तीस वर्षं तिने तो रोज ऐकला होता. तिने बोंडं काढून ठेवली आणि घरातले सगळे दिवे लावले, बाहेर अजून ऊन होतं तरी.

संध्याकाळी मृणालीचा फोन आला. "बाई, आजी हल्ली पलंगाच्या कडेला झोपतात. पडतील म्हणून मी मध्ये सरकवते तर म्हणतात, त्याला जागा कुठे राहते? काळुरामआजोबांच्या सुनेचाही फोन होता. त्यांचंही तेच." मग ती थोडी घुटमळली. "आजींच्या डब्यात एक कार्ड सापडलंय. त्यांच्या वडिलांनी तुमच्या काकाआजोबांना लिहिलेलं. फोटो पाठवते."

पोस्टकार्ड पिवळं पडलेलं होतं, अक्षर मात्र मोत्यासारखं. उद्याच्या लाँचने मुले धरमतरास उतरतील. गाडी पाठवावी. मुले दहा.

नावं नव्हती. सुनीतीने तो आकडा फोनवर मोठा करून पाहिला. दहाच होते.

४

कासूला धोंडुबाईची मुलगी अजून होती. हौसा. बेचाळीस साली ती अकरा वर्षांची, आईच्या हाताखाली मुलांना भाकऱ्या वाढायची. आता पाठीतून वाकलेली, काठीला धरून अंगणात सुकट वाळत घालत होती. सुनीतीने राशीचं विचारलं तसं ती खाली बसली.

"रास कदी पुरती मोजू नये गो," हौसा म्हणाली. "मीठ असो, भात असो. शेवटचं माप तसंच ठेवायचं. सगला मोजला तर सरला. आनि पोरं तर मोजूच नयेत, नजर लागते. पन तुमच्या लोकांची पोरं, हरवली तर जबाब कोन देनार? म्हून माय राशीसारकी मोजायची. शेवटच्याला हात लावायची नाय."

"मग नऊ मुलं असतील तर आठपर्यंतच मोजायला हवं."

"व्हय."

"पण ती नऊपर्यंत मोजायची म्हणतात सगळे."

"व्हय. नऊ मोजायची, एक ठेवायची."

"म्हणजे दहा मुलं होती."

हौसाने सुकट चिवडत तिच्याकडे पाहिलं नाही. "भाकऱ्या दहा लागायच्या," ती म्हणाली. "दसऱ्याला तुमची मानसं गाडी घेऊन आली. मायनी गाडीत चढवताना मोजली. नऊ मोजली, एक ठेवली. तुमची मानसं म्हनाली, नऊ का? चला. गाडी गेली."

"आणि राहिलेला?"

"आमाला वाटला, गेला. मोजला नव्हता ना, म्हून कुनाला कमी वाटला नाय. दुसऱ्या दिवशी मी सवयीनं दहा भाकऱ्या थापल्या, मायनी मारलं मला." तिने तोंड पुसलं. "बाय, तुज्या पाया पडते, ते फोनात नको घालू."

सुनीतीला तिची कीव आली, आणि त्या पोराची त्याहून जास्त. सबंध परतीच्या वाटेवर तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. एवढीशी चूक. कुणीतरी हात लावून दहा म्हणायला हवं होतं, बस्स.

५

रामवाडीच्या वाचनालयात रविवारी सकाळी अकराला सगळे जमले. भिंतीकडून विमलबाई, मग काळुराम, त्याला मुलाने उचलून आणलं होतं, मग मोरोपंत. चौथी खुर्ची मृणालीने हौसासाठी मांडली होती, पण हौसा बसेना. ती काठीला धरून उभीच राहिली. म्हातारी माणसं एकमेकांना बघून रडली, हसली, चाळीतल्या नळावरची भांडणं आठवून पुन्हा हसली. मुलाखती ऐकवून झाल्या. मोरोपंत इतके खुशीत होते की सुनीतीला वाटलं, झालं आपलं काम, बाबा परत आले.

"आजी, तुमची आई मोजायची तसं एकदा मोजून दाखवता?" मृणालीने विचारलं आणि फोन वर धरला.

हौसा नको नको म्हणाली. विमलबाईंनीच तिचा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला.

"लाभ," हौसा म्हणाली. हात काळुरामच्या टकलावर गेला. "दोन." मोरोपंतांनी मान खाली घातली. "तीन."

तिचा हात चौथ्या खुर्चीवर गेला आणि हातभर उंचीवर थांबला. मग तिने तो पदरात ओढून घेतला. तिन्ही म्हाताऱ्यांच्या माना त्या खुर्चीकडे वळलेल्या होत्या.

सुनीतीला ते बघवेना. हजेरीपटावरचा तो एक चौकोन ऐंशी वर्षं रिकामा. ती पुढे झाली, अर्धी थट्टेने, अर्धी खऱ्या मायेने.

"ह्याने काय घोडं मारलंय? ह्यालाही घेऊ की," ती म्हणाली आणि हौसाचा हात थांबला होता तिथेच आपला हात ठेवला. "चार."

हात खुर्चीपर्यंत गेला नाही. मधेच टेकला. तळव्याला ऊब लागली, आणि तेल लावलेल्या केसांचा ओशटपणा.

तिने हात मागे घेतला तेव्हा खुर्ची रिकामीच होती. मोरोपंत हुंदके देत होते आणि हौसा तिच्या दंडाला धरून हलवत होती.

"काय केलंस गो बाय! सगला मोजलास! आता मागं कोन ऱ्हाईल?"

६

त्यानंतर मृणालीचे फोन आले ते आनंदाचे. आजी पलंगाच्या मध्ये झोपतात, खांबचं म्हातारंही झोपतं, सगळं थांबलं. सुनीती हो हो म्हणायची. तिच्या घरी ते सुरू झालं होतं हे ती कुणाला सांगणार?

मोरोपंतांचा पलंग भिंतीला लावलेला होता. वर्षानुवर्षं ते भिंतीकडे झोपत. आता ते दाराकडच्या कडेला येऊन झोपू लागले. सुनीती त्यांना आत सरकवी, अर्ध्या तासाने येऊन पाही तो ते पुन्हा कडेला, आणि भिंतीकडच्या चादरीला खळगा. हात लावून बघायचं धाडस तिला झालं नाही. म्हाताऱ्यांची चादर विस्कटतेच, ती मनाशी म्हणे. मग ती खुर्ची आडवी लावून ठेवी. खुर्ची बाजूला सारलेली असे.

त्याहून वाईट निराळंच होतं. दुपारी जेवण करणारी दिपिका बाबांचं ताट वाढायला विसरली. एकदा नाही, तीनदा. चांगली मुलगी, दोन वर्षं कामाला, कधी चुकली नव्हती. "अगं बाई, आजोबांचं राहिलंच की," म्हणून ती जीभ चावायची आणि घाईने भात वाढायची. आठवड्याची औषधं देणाऱ्या दुकानातल्या माणसाने सुनीतीला विचारलं, "ही कुणाची, बाई? तुमच्याकडे कोण असतं?"

तिने घरी येऊन बाबांना समोर बसवलं.

"बाबा, तो कोण होता?"

मोरोपंत त्या दिवशी अगदी स्वच्छ होते. बरेच दिवसांत नव्हते इतके.

"आम्ही परत मुंबईला गेलो ना," ते म्हणाले, "तेव्हा आई जेवताना मुलांची दोन ताटं घ्यायची. दोन्ही वाढायची. मग त्यातलं एक बघत बसायची आणि उचलून ठेवायची. रोज. का उचलते ते तिला कळायचं नाही. तिला वाटायचं आपलं डोकं फिरलंय. मला कळायचं. मी गाडीतून मागे पाहिलं होतं. तो पडवीत उभा होता, मोजायला येतील म्हणून."

"मग सांगितलं का नाही?"

"सहा वर्षांचा होतो मी. आणि गाडी वळणावर गेली तोवर त्याचं नाव माझ्या तोंडातून गेलं होतं." त्यांनी तिचा हात हातात घेतला. "रडू नकोस, सुनीती. तू मोजलंस ते चांगलंच केलंस. आता त्याच्या जागी कुणीतरी राहायला हवं, तर मी राहतो. माझीच पाळी आहे."

त्यांनी तिला नावाने हाक मारली होती. तिच्या जिवाला तेवढंच पुरे होतं, आणि तेवढ्यासाठीच ती त्यांना जाऊ देणार नव्हती. उद्या हा माणूस या घरात असेल आणि आपण एक ताट वाढून उचलून ठेवू, का ते न कळता, हे तिला सोसणार नव्हतं.

७

दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं झाल्यावर तिने बाबांना त्यांच्या नेहमीच्या वेळी निजवलं. ते कडेला आले तशी ती काही बोलली नाही. आपली उशी घेऊन आली आणि त्यांच्या अलीकडे, अगदी पलंगाच्या काठावर, दाराकडे पाठ करून आडवी झाली. लहानपणानंतर ती बाबांशेजारी कधी झोपली नव्हती.

"हे काय?" मोरोपंत पुटपुटले.

"काही नाही. झोपा तुम्ही."

"कडेला मी असतो."

"आज मी आहे," सुनीती म्हणाली.

त्यांनी तिला ढकलायचा प्रयत्न केला, पण अठ्ठ्याऐंशीच्या हातात बळ ते किती? थोड्या वेळाने त्यांचा श्वास संथ झाला. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. भिंतीकडे दुसराही एक श्वास लागला होता, लहान आणि भरभर चालणारा. तिला भीती वाटली, फार वाटली, पण तिने मान उचलून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उठून पळाली असती.

मग भिंतीच्या बाजूला चादर सळसळली. मिठाने चरे पडलेला, कष्टाचा हात कुणाच्या तरी केसांवरून फिरल्याचा आवाज.

लाभ.

तो हात पुढे आला. बाबांचे पांढरे केस कपाळावर दाबले गेलेले तिने अगदी जवळून पाहिले. बाबांनी झोपेतच सुस्कारा सोडला आणि त्यांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या सैल झाल्या.

दोन.

सुनीतीने डोळे मिटले आणि वाट पाहिली. बाबा मोजले गेले होते, बाबा राहणार होते. तिला हायसं वाटलं. आणि तरीही, मनातून, तिसऱ्यांदा तो हात आपल्या डोक्यावर पडावा असं तिला वाटत होतं. कधी नव्हे ते इतकं वाटत होतं. ती कितीतरी वेळ तशीच पडून होती. तिला कुणी हात लावला नाही.

चार वाजता दिपिका आत आली. तिच्या हातात ताटलीत चहाचा कप होता आणि दुधाचा पेला. तिने कप मोरोपंतांपुढे ठेवला, आणि वाकून, सुनीतीच्या अंगावरून हात लांब करून, पेला भिंतीकडे दिला.

"गरम हाय, फुंकून पी," ती म्हणाली.

"दिपिका," सुनीतीने हाक मारली. मग मोठ्याने मारली. मग ओरडली.

मोरोपंत उठून बसले होते. चहा पिताना त्यांची नजर पलंगाच्या काठावर, थेट तिच्या तोंडावर आली आणि तिथेच रेंगाळली. त्यांनी कप खाली ठेवला.

"काहीतरी राहिलंय असं वाटतंय गं," ते दिपिकाला म्हणाले.

"काय राहिलं, आजोबा?"

"कुणास ठाऊक." ते आणखी थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांनी तिच्या डोक्याखालची उशी ओढून घेतली, झटकली आणि पायथ्याशी ठेवून दिली.